येळवशीची आंबील : शेतातील पंगतीची पूर्वतयारी

मार्गशीर्ष अमावस्येस लातूर व धाराशिव जिल्ह्यांत, तसेच त्यांना लागून असलेल्या नांदेड जिल्ह्याच्या भागात, गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. या दिवसास वेळ अमावस्या म्हणतात. लोकांच्या तोंडी ती येळवस आहे. कंधार तालुक्याच्या बालाघाटी शिवारातही ज्वारी, हरभरा व तूर डोलत असते. कडब्याच्या खोपीत पूजा होते, पिकावर आंबील शिंपडली जाते, आणि मग सोयरेधायरे, शेजारी व वाटसरूही पंगतीस बसतात. शहरातून आलेल्या पाहुण्यास या दिवशी शेतकऱ्याकडून मिळणारा पहिला मान म्हणजे आंबिलीचा पेला.

परंतु घरातील चार माणसांसाठी केलेली आंबील आणि चाळीस पाहुण्यांसाठी केलेली आंबील यांत मोठे अंतर आहे. एका भांड्यातून अनेकांना वाढले जाते तेव्हा त्या भांड्यातील दोषही अनेकांपर्यंत पोहोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एका धार्मिक कार्यक्रमातील भोजनानंतर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधेचा त्रास झाला. अशा प्रसंगी यजमानाचा हेतू उत्तमच असतो. म्हणून आतिथ्यास पूर्वतयारीची व स्वच्छतेची जोड देणे अगत्याचे आहे.

आंबील म्हणजे काय?

द्राक्षाच्या रसात किण्व वाढले की साखरेचे मद्य होते. ताकातील जीवाणू मात्र साखरेपासून आम्ल तयार करतात. आंबील आंबते ती या दुसऱ्या रीतीने. म्हणून ती आंबट असते, मादक नसते. हे आम्लच तिचे संरक्षण करते. पुरेशा आंबट पदार्थात रोगकारक जीवाणूंची वाढ सहसा होत नाही. ही युक्ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. आफ्रिकेतील टांझानिया देशात मका, ज्वारी इत्यादी धान्यांपासून 'तोग्वा' नावाचे असेच आंबवलेले पेय करतात व ते मुलांनाही देतात.

मात्र आंबटपणावर सर्वस्वी विसंबू नये. शिजवलेली पेज कोमट स्थितीत बराच वेळ झाकून ठेवली आणि ताक उशिरा घातले, तर मधल्या काळात तीत अपायकारक जीवाणू वाढतात. त्यांपैकी काहींचे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. यास्तव पेज लवकर निववणे व लगेच ताक मिसळणे, हे या कामाचे मर्म होय.

ज्वारीची निवड

येळवशीच्या सुमारास रब्बीची ज्वारी शेतात उभी असते. घरात असते ती गतवर्षीची रब्बीची किंवा नुकतीच निघालेली खरिपाची ज्वारी. खरिपाचे कणीस पक्व होताना पाऊस लागला की दाणे काळे पडतात. हा काळेपणा बुरशीचा असतो, आणि काही बुरशींचे विष शिजवल्यानेही जात नाही. असे धान्य पाखडून, निवडून पंगतीस वापरण्याचा मोह टाळावा. मालदांडी किंवा परभणी मोती या रब्बी वाणांचा टपोरा, पांढरा दाणा आंबिलीस उत्तम. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्था यांच्या प्रयत्नांतून २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या 'परभणी शक्ती' या वाणात लोह व जस्त अधिक असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या शिवारात त्या धान्याचा मान येळवशीच्या रूपाने दरवर्षीच राखला जातो.

चाळीस पाहुण्यांचे प्रमाण

दर माणशी दोन पेले, शिवाय शिंपडण्यास व ऐनवेळी आलेल्यांस थोडी अधिक, या हिशेबाने माणशी अर्धा लिटर धरावी. म्हणजे चाळीस जणांस वीस लिटर आंबील लागेल. त्यासाठी साधारण पुढील साहित्य घ्यावे :

ज्वारीचे पीठ १ किलो. दही ५ लिटर. पेजेसाठी १० लिटर व दही घुसळण्यासाठी ५ लिटर पाणी. मीठ सुमारे १२० ग्रॅम. सोललेला लसूण १०० ग्रॅम. जिरे ५० ग्रॅम. कोथिंबीर व हिरवी मिरची आवडीप्रमाणे.

पाहुणे ऐंशी असल्यास हे प्रमाण दुप्पट करावे. आयत्या वेळी माणसे वाढली म्हणून तयार आंबिलीत विहिरीचे कच्चे पाणी ओतू नये. त्याने चव तर जातेच, शिवाय आंबटपणा उतरून संरक्षणही कमी होते.

कामाचा क्रम

दोन दिवस आधी ज्वारी निवडून दळावी आणि भांडी घासून उन्हात वाळवावी. आदल्या दिवशी दूध नीट उकळून, कोमट झाल्यावर विरजण लावावे. त्याच रात्री पीठ दोन लिटर पाण्यात व थोड्या ताकात कालवून झाकून ठेवावे.

येळवशीच्या पहाटे उरलेल्या आठ लिटर पाण्यास आधण आणून त्यात हे कालवलेले पीठ सोडावे, आणि गुठळ्या न होऊ देता पंधरा ते वीस मिनिटे चांगले शिजवावे. पेज एकाच खोल भांड्यात न ठेवता दोन-तीन पसरट परातींत ओतावी; त्यामुळे ती लवकर निवते. हातास गार लागताच घुसळलेले ताक घालावे. वाटलेले लसूण, मिरची, जिरे व मीठ शेवटी मिसळावे. शेतावर पोहोचल्यावर भांडे खोपीच्या सावलीत, ओल्या पोत्याने गुंडाळून ठेवावे. वाढण्यासाठी लांब दांड्याचा ओगराळा असावा. कोणीही पेला थेट भांड्यात बुडवू नये. उरलेली आंबील संध्याकाळपर्यंत संपवावी; दुसऱ्या दिवशी ती मुलांना देऊ नये.

भांडे कोणते असावे?

मातीचे मडके किंवा स्टीलचे भांडे सर्वांत चांगले. तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई नसेल, तर आंबट ताकाने धातू सुटतो आणि मळमळ व ओकाऱ्या होतात. जस्ताच्या पत्र्याची बादलीही आंबट पदार्थास वर्ज्य होय. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी किंवा अन्न ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरीही शेतात भांडे कमी पडले की हात नेमका त्याच डब्याकडे जातो. असे डबे येळवशीपूर्वीच शेतातून हलवावेत.

पिण्याचे पाणी

कंधारास राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्राचा वारसा लाभला आहे आणि तालुक्यातून मन्याड वाहते. परंतु तलाव प्राचीन व नदी पवित्र असली म्हणून तिचे पाणी न तपासता पिण्याजोगे ठरत नाही. शेतातील विहिरीचे पाणी गाळून, उकळून घ्यावे किंवा टीसीएल पावडरने शुद्ध करावे. पाच ग्रॅम ताजी पावडर एक लिटर पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यावा. वरच्या निवळीतून प्रत्येक लिटर पाण्यास एक मिलिलिटर, म्हणजे वीस लिटरच्या घागरीस लहान चमच्याने चार चमचे निवळी घालावी. अर्ध्या तासानंतर पाणी वापरावे. पंगतीस माणशी दीड लिटर पाणी धरावे. हात धुण्यासाठी पाणी व साबण यांची सोय निराळी ठेवावी.

मुलांकडे लक्ष

या दिवशी मुले हरभऱ्याचे घाटे व तुरीच्या शेंगा तोडून खातात. तोच तर येळवशीचा आनंद! परंतु फुलोऱ्यात व घाटे भरताना याच पिकांवर कीटकनाशके फवारली जातात. औषधाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे छापलेले असते. ते पाहूनच फवारणीचे दिवस ठरवावेत. फवारलेल्या वाफ्यास काठीला लाल फडके बांधून खूण करावी आणि पाहुण्यांस आधीच सांगावे.

इतके करूनही कोणास जुलाब-ओकाऱ्या झाल्या, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडेथोडे पाजत राहावे. एकाच वेळी अनेकांस त्रास झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे आणि उरलेले अन्न फेकून न देता तपासणीसाठी झाकून ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येळवशीच्या आठवडाभर आधी गावात बैठक घेऊन टीसीएलची निवळी प्रत्यक्ष करून दाखवावी. स्वयंपाकाचा भार ज्यांच्यावर असतो त्या भगिनींना या बैठकीस अवश्य बोलवावे. काळ्या आईची ओटी भरण्याच्या या दिवशी पाहुणा तृप्त होऊन, धडधाकट घरी परतावा, यातच यजमानाचे यश आहे.