घडी घालून नेण्याची वीज

उन्हावर यंत्र चालविण्याची कल्पना मुंबईस नवी नाहीं. येथील हायकोर्टांत अधिकारी असलेले विल्यम ॲडम्स यांनीं कुलाब्यास आपल्या आवारांत आरशांनीं ऊन एकवटून बाष्पपात्र तापविलें आणि अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. त्यावरील त्यांचें पुस्तक १८७८ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकनचा घट पुढें आणला, आणि आरसे, वाफ, बाष्पपात्र हा सारा पसारा अनावश्यक ठरला. त्या घटानें उन्हाचा शेंकडा सहा भाग विजेंत उतरत असे. आजचीं चांगलीं पॅनेलें वीस-बावीस भाग उतरवितात.

हींच पॅनेलें आतां बिजागऱ्यांवर बसवून, मिटून, चाकांच्या ट्रॉलीवरून शेतोशेतीं नेतां येतात. वाचकांपैकीं कित्येकांची वडिलोपार्जित जमीन गांवीं असेल, आणि ती एका जागीं क्वचितच असेल. वांटण्या होतां होतां एक तुकडा ओढ्याकांठीं, एक माळावर, एक शिवेजवळ, असा प्रकार होतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीं झाला, पण तुकडे व्हावयाचे राहिले नाहींत! एका विहिरीवर कायमची बसविलेली सौर मोटर दुसऱ्या तुकड्याच्या काय उपयोगाची? शिवाय शेतीची वीज वर्षानुवर्षें पाळीपाळीनें, पुष्कळदां रात्रींच मिळत आली आहे. जुन्नरकडील उसांत बिबट्याचा वावर असतां मध्यरात्रीं दारें धरावयास जाणें म्हणजे काय, हें घरांत जागत बसलेल्या माउलीस विचारावें. दिवसाचें पाणी ही तेथें चैन नव्हे.

परंतु घडीची म्हणतांच ती हलकी असेल, असें कोणी समजूं नये. तीन अश्वशक्तीच्या मोटरीस सुमारें सव्वादोन हजार वॅट लागतात. धुरकट हवा व तिरपें ऊन धरून तीन हजार वॅटचीं पॅनेलें घ्यावीं लागतात. पांचशें वॅटचें एक पॅनेल अठ्ठावीस किलोच्या आसपास भरतें. अशीं सहा म्हणजे चार मणांहून अधिक वजन झालें, आणि लोखंडी सांगाडा निराळाच! उलगडल्यावर दहा फूट रुंद व सोळा फूट लांब अशा खोलीएवढी जागा ती व्यापतात. ट्रॅक्टर वा बैलजोडी हवी, आणि वाटही हवी. वैशाखांतील वळिवाच्या वाऱ्यांत हें पसरलेलें छत शिडासारखें उचललें जातें; म्हणून घडी किती वेळांत मिटते, खुंट्या किती खोल रोंवावयाच्या, हें विकत घेणारानें स्वतः उलगडून-मिटवून पाहावें. झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी सबंध रांगेचा जोर मंदावतो. एक लाभ मात्र ट्रॉलीचाच: सकाळीं पूर्वेकडे व दुपारीं पश्चिमेकडे तोंड फिरवितां येतें.

दुकानदारांसाठीं सूटकेशीसारखीं मिटणारीं लहान पॅनेलें आहेत. त्यांचा हिशेब गृहिणींनींही करण्याजोगा आहे. दोनशें वॅटचें पॅनेल पांच तास चांगल्या उन्हांत ठेवलें, तर गळती वजा जातां आठशें वॅट-तास हातीं येतात. शंभर वॅटची शिवणयंत्राची मोटर त्यावर आठ तास चालेल. आठवडे-बाजारांतील वजनकाटा व दिवा चालवून बरीच वीज शिल्लक राहील. तीच वीज हजार वॅटच्या इस्त्रीस दिली, तर तासाच्या आंत संपेल. विक्रेता ‘सर्व कांहीं चालतें’ म्हणूं लागला, कीं आम्ही प्रथम इस्त्रीचें विचारतों. उष्णता उत्पन्न करणारीं उपकरणें या पेटीचीं नव्हेत.

मोठ्या ट्रॉलीचा खर्च एकट्यास न झेपणारा, आणि एकट्याच्या शेतास ती रोज लागतही नाहीं. सावडीनें बैल देण्याघेण्याची रीत आपल्याकडे आहेच. त्याच रीतीनें तिघांचौघां भावांनीं मिळून ट्रॉली घ्यावी, असें आमचें मत आहे. मात्र बैलांच्या पाळींत न येणारी एक अडचण येथें येते. ज्याच्या दिवशीं आभाळ भरून येईल, त्यास बदली दिवस द्यावयाचा कीं नाहीं, आणि मोडलेली बिजागरी कोणाच्या खर्चानें दुरुस्त व्हावयाची, हें पैसे भरण्यापूर्वींच सर्वांच्या सह्यांनिशीं कागदावर लिहून ठेवावें.