नौकेवरील औषधपेटी : एक उपकल्पनीय विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात संशोधनकर्मापूर्वी करावयाच्या सिद्धतेचे सविस्तर वर्णन आले आहे. निवासस्थान कसे असावे, परिचारक कोणते असावेत, पात्रे, वस्त्रे, आहारद्रव्ये कोणती जमवावीत, आणि उपद्रव उद्भवल्यास लागणारी औषधे आधीच हाताशी कशी असावीत, हे सारे आचार्यांनी तेथे सांगितले आहे. त्यामागील कारण मार्मिक आहे. आपत्ती समोर येऊन ठाकल्यावर, विकत घेण्याची सोय असली तरीही, हवी ती सामग्री त्वरित आणि नीट जमवणे सोपे नसते, असा त्याचा आशय. जेथे बाजार साठ-सत्तर किलोमीटर मागे राहिला आहे आणि मध्ये केवळ पाणी आहे, अशा ठिकाणी या विचाराचे महत्त्व किती वाढते, हे वेगळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखकाचे चिकित्सालय दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून जवळ आहे. मासेमारीस निघणाऱ्या नौकांचे तांडेल आणि नाखवे हंगामाच्या आरंभी ‘बोटीवर न्यायला काही औषधे द्या’ म्हणून येतात. किनारपट्टीवरील वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना ही मागणी परिचित असेल. जाळी, दोर, बर्फ, डिझेल यांची चिंता नाखवा स्वतः वाहतो. त्याखेरीज जे न्यावयाचे, त्याविषयी मात्र तो आपल्यावर विसंबतो. आणि आपण काय करतो? फळीवरची चार चूर्णे, दोन वट्या आणि एक तेल पिशवीत घालून देतो. मीही कित्येक वर्षे हेच करीत होतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पिशवीत मी एरंडेलाची बाटली घातली होती. बद्धकोष्ठ ही खलाशांची नित्याची तक्रार, पाणी कमी, भाजीपाला नाही, शौचाची सोय नाही, म्हणून एरंडेल. तिसऱ्या दिवशी नौकेवरील एका तरुण खलाशाच्या पोटात दुखू लागले. प्रथम नाभीभोवती, मग उजव्या बाजूस खाली. तांडेलाने सद्भावनेने त्यास एरंडेल पाजले, उतार पडेना म्हणून पुन्हा पाजले, आणि जाळे टाकलेले असल्याने परत फिरण्यास रात्र काढली. किनाऱ्यास लागेपर्यंत आंत्रपुच्छ फुटले होते. शस्त्रक्रिया झाली, मुलगा वाचला. परंतु तीन आठवडे रुग्णालयात होता आणि तो हंगाम त्याचा गेला. तांडेलास कोणी दोष दिला नाही, मलाही दिला नाही. ‘वैद्यांनी दिलेलेच औषध होते’ असे तो साधेपणाने म्हणाला, ते मात्र मनात राहिले.

चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेतच पाठ केले: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. नौकेवर यांपैकी तीनच असतात, भिषक् नसतो. आपण पेटीत घातलेले प्रत्येक द्रव्य तेथे वैद्याच्या निर्णयावाचून वापरले जाणार आहे. म्हणून पेटी भरताना पहिला विचार ‘काय घालावे’ हा नसून ‘काय घालू नये’ हा असला पाहिजे. विरेचन द्रव्ये, मग ती एरंडेल असोत, इच्छाभेदी असो वा बाजारातील कोणतेही जुलाबाचे चूर्ण असो, पेटीत नसावीत. बद्धकोष्ठास मनुका आणि पाणी पुरे. रसौषधी आणि कुपीलु, वत्सनाभ यांसारखी विषद्रव्ये असलेले कल्प नसावेत. कुपीलुयुक्त गोळी कंबरदुखीवर उत्तम हे मान्य, पण दुखणे थांबेना म्हणून चार गोळ्या एकदम घेणारा खलाशी आपण सर्वांनी पाहिला आहे. आसवारिष्टे नसावीत, याचे कारण विस्ताराने लिहिण्याची आवश्यकता नाही. काचेची बाटली हलत्या नौकेवर फुटते, हेही एक कारण आहेच.

आता काय न्यावे. वैद्याने आपला अहंकार बाजूस ठेवून मान्य करावे की यादीत अग्रस्थान औषधास नाही, पाण्यास आहे. सुश्रुताने सामुद्र जल विस्र, लवण आणि सर्व दोषांना प्रकुपित करणारे म्हटले आहे. ते पिण्याच्या कामाचे नाही. चैत्र-वैशाखातील उन्हात जाळे ओढणाऱ्या माणसास दिवसाकाठी पाच लिटर पिण्याचे पाणी धरावे, असे मी सांगतो. आठ माणसे, चार दिवस, म्हणजे १६० लिटर, यंत्र बिघडले किंवा वारा फिरला तर दोन दिवसांचे आणखी ८० लिटर, स्वयंपाकाचे निराळे. हा हिशेब तांडेलासमोर मांडला की तो प्रथम हसतो, कारण तेवढ्या जागेत बर्फ बसतो. पण ओटीपोटात अश्मरीचे शूळ घेऊन येणाऱ्या खलाशांची संख्या पाहिली की हसू मावळते. पाणी भरण्याची पिंपे पूर्वी डिझेल किंवा रसायनाची नसावीत, हे आवर्जून विचारावे. तुरटी वा निर्मळी फिरवून पाणी नितळ करण्याची पद्धत जुनी आहे, कतकफलाचा उल्लेख सुश्रुतानेही जलप्रसादनात केला आहे. तथापि प्रसादन म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. क्लोरीनच्या गोळ्या सोबत द्याव्यात, त्यात आयुर्वेदाचा कोणताही अवमान होत नाही.

पाण्यानंतर जलसंजीवनी. अतिसार व छर्दी यांत नौकेवर माणूस दगावतो तो द्रवधातूच्या क्षयाने. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या प्रमाणातील पुडी, २०.५ ग्रॅमची, एक लिटर पाण्यात एकदाच पूर्ण विरघळवावयाची असते. अर्धी पुडी पेल्यात, उरलेली उद्या, असे चालत नाही. म्हणून पेटीसोबत लिटरची खूण असलेली बाटली द्यावी. दर माणशी चार पुड्या असाव्यात. यासोबत साळीच्या लाह्यांचा डबा दिल्यास लाजमंड करता येतो; तो तृष्णा व छर्दी यांवर हितकर आहे आणि नौकेवरील चुलीवर पाच मिनिटांत होतो. आमसुले तर कोकणात कोणी विसरत नाही.

नव्या खलाशास बोट लागते. होळीला किंवा गणपतीला घरी जाऊन आलेल्या जुन्यासही पहिल्या दिवशी लागते. यावर सुंठ हे आपले निर्विवाद द्रव्य. डेन्मार्कच्या नौदलातील ८० छात्रांवर केलेला एक प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. एक ग्रॅम सुंठीने उलट्या व थंड घाम यांत स्पष्ट घट दिसली, मळमळ व भोवळ यांत मात्र फरक निश्चित म्हणण्याइतका नव्हता. एवढेच सांगावे, अधिक सांगू नये. चूर्णापेक्षा आलेपाकाची वडी अधिक उपयोगी पडते, कारण उलटीची भावना असताना चूर्ण कोणी तोंडात धरीत नाही. नौका सुटण्यापूर्वी अर्ध्या तासाने एक, नंतर दर चार तासांनी एक. पोट रिकामे असू नये आणि तुडुंबही असू नये.

व्रणांचा भाग विस्ताराचा आहे, कारण खलाशाचे हात हीच त्याची उपजीविका. दोराने फाटलेले तळवे, खाऱ्या पाण्याने चिरलेल्या टाचा आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, ज्यांना सुश्रुताने क्षुद्ररोगांत अलस म्हटले आहे, या तीन तक्रारी मी दर आठवड्यास पाहतो. तळवे व टाचांसाठी कोकमाचे तेल. आपल्याकडे घरोघरी असलेले हे द्रव्य कोणत्याही महागड्या मलमास हार जाणार नाही. चिखल्यांसाठी औषधाहून कोरडे सुती फडके मोठे. दर माणशी दोन फडकी, गोड्या पाण्यात धुतलेली, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. रात्री पाय पुसून बेचके कोरडे करून झोपावे. हा उपदेश फुकट असल्याने कोणी मनावर घेत नाही. म्हणून मी फडकी पेटीतच घालून, त्यांची किंमत लावून देतो. तेव्हा ती वापरली जातात!

सुरीच्या खोल जखमेवर हळद, चुना, चहाची पूड दाबून भरण्याची प्रथा मोडली पाहिजे. स्वच्छ पाण्याने धुणे, स्वच्छ जाळीदार पट्टी ठेवून दहा मिनिटे सलग दाबणे, हात उंच धरणे. जात्यादी तेल भरून येणाऱ्या उथळ व्रणासाठी. वाहत्या रक्तावर नव्हे. धनुर्वाताची लस मात्र पेटीत मावत नाही. ती हंगामापूर्वी प्रत्येकाने घेतली आहे किंवा नाही, हे विचारणे वैद्याचे काम.

पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर वेदना असह्य असतात. येथे सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे रुंद बादली आणि चूल. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, जखमी अवयव अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाण्याची उष्णता दुसऱ्या, निरोगी हाताने अजमावावी, कारण दुखावलेल्या हातास चटका कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असल्यास तो उपटू नये. तसाच स्थिर करून किनारा गाठावा.

समुद्रसर्पाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण वैद्यांतही गैरसमज आहेत. वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचे हे सर्प जाळ्यात वरचेवर येतात. दंश पुष्कळदा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. काही तासांनी अंग ठणकू लागते, जबडा आवळतो, पापण्या जड होतात, मूत्र काळपट तांबडे होते. भारतात उपलब्ध असलेले बहुविध सर्पविषप्रतिबंधक नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार जमिनीवरील सर्पांसाठी आहे, समुद्रसर्पासाठी नाही. तेव्हा सारे काही श्वसन व वृक्क यांस वेळीच आधार मिळण्यावर अवलंबून आहे. पेटीत रुंद लवचिक पट्टी आणि दोन बांबूच्या कामट्या असाव्यात. अवयव मुरगळल्यावर बांधतो तसा बांधून निश्चल ठेवावा, करकचून आवळू नये, दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि नौका तत्काळ फिरवावी. चिरा देणे, चोखणे, जडीबुटी बांधणे यांत गेलेला वेळ परत येत नाही. जाळे झाडताना जाड हातमोजे व गुडघ्यापर्यंतचे बूट असल्यास हा प्रसंगच टळतो.

रात्री शौच-मूत्रासाठी नौकेच्या कडेवर एकट्याने जाणे हा आणखी एक धोका. वेगधारण करावे तर रोग, न करावे तर समुद्रात पडण्याची भीती! झाकणाचे एक भांडे, कमरेस बांधावयाची दोरी, शिट्टी आणि पाण्यात न बिघडणारी विजेरी, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. तरंगजाकिटे नौकेवर असतात, पण उशाखाली. ती अंगावर असावीत.

मधुमेह, रक्तदाब, अपस्मार यांसाठी जी नित्य औषधे चालू आहेत, मग ती कोणत्याही शास्त्राची असोत, ती प्रवासाच्या दुप्पट दिवसांची न्यावीत. चार दिवसांसाठी गेलेली नौका सात दिवसांनी आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

पेटीच्या स्वरूपाविषयी औषधविक्रेत्यांना विनंती. पत्र्याची पेटी महिन्यात गंजते. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, नारिंगी रंगाची प्लास्टिकची बरणी घ्यावी. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी घटते असे सांगितले ते जमिनीवर. खाऱ्या दमट हवेत उघडलेले लवणभास्कर आठवड्यात दगड होते. म्हणून एकेका मात्रेच्या बंद पुड्याच द्याव्यात. दुकानात न खपलेला, मुदत संपत आलेला माल ‘बोटीचे कीट’ म्हणून खपवू नये. हे लिहावे लागते याचा खेद होतो. आपल्या किनाऱ्यावरील अनेक खलाशी नेपाळचे आहेत, काहींना मराठी वाचता येत नाही. म्हणून पुडीवर चित्र असावे. मी पोटदुखीसाठी पोटाचे चित्र काढून त्यावर लाल फुली मारतो. अर्थ तांडेलास तोंडी समजावतो: पोटात सतत दुखत असेल, दाबून पाहता कळ येत असेल, तर तोंडाने काहीही द्यावयाचे नाही, शेकही नाही, नौका फिरवायची.

फिरवायची म्हणजे किती वेळ? आमच्याकडील ट्रॉलर ताशी सात-आठ सागरी मैल चालतो. चाळीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर, यास पाच ते सहा तास. मोबाईल तेथे मुका असतो. म्हणून झाकणाच्या आतील बाजूस मी दोनच गोष्टी ठळक लिहितो: बिनतारी संचावरील १६ क्रमांकाची आपत्कालीन वाहिनी, आणि भ्रमणध्वनीच्या टप्प्यात असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. त्याखाली माझा दूरध्वनी.

यंदाही जून-जुलैतील मासेमारी बंदीच्या काळात जुन्या पेट्या परत मागविल्या. अकरा आल्या. एका पेटीतील जलसंजीवनीच्या सर्व पुड्या संपल्या होत्या, फडकी मळून झिजली होती. दुसऱ्या पेटीचे झाकणच उघडलेले नव्हते. तिच्या तांडेलास पुढच्या आठवड्यात बोलावले आहे.