ही खुर्ची कुणाची? : चार प्रमाणे आणि डेन्मार्कच्या जुन्या खुर्च्या

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, "सर, प्रमाणशास्त्र सोडून फर्निचरकडे कुठे वळलात?" सोडलेलं नाही. आज डोंगर आणि धूर यांच्याऐवजी खुर्ची घेतोय, एवढंच.

माझी मुलगी नोकरीनिमित्त डेन्मार्कमध्ये असते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा तिने जुन्या सामानाच्या एका दुकानातून चार सागवानी खुर्च्या आणल्या होत्या. दुकानदाराने सांगितलं होतं, "वेग्नरच्या आहेत." किंमतही त्या नावाला साजेशी घेतली होती. त्यातल्या दोन तिला एका सहकाऱ्याला विकायच्या होत्या. मी विचारलं, "वेग्नरच्या कशावरून?" ती म्हणाली, "बाबा, दिसतातच तशा." झालं! पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं त्या खुर्च्यांच्या मागे होतो.

आधी प्रश्न नीट मांडू. "खुर्ची कुणाची" याचे दोन अर्थ होतात. आराखडा कुणाचा, आणि प्रत्यक्ष घडवली कुणी? कोपनहेगनच्या सुतार-कारागिरांच्या संघाचं प्रदर्शन 1927 ते 1966 दरवर्षी भरत असे. तिथे आराखडा काढणारा आणि घडवणारा यांच्या जोड्या जमल्या. फिन यूल यांच्या गाजलेल्या खुर्च्या नील्स व्हॉडर यांच्या कार्यशाळेत तयार झाल्या. हान्स वेग्नर स्वतः सुतारकाम शिकलेले, तरी त्यांची 1949 ची गोल पाठीची खुर्ची घडवली योहानेस हान्सेन यांच्या कार्यशाळेने. 1960 साली केनेडी आणि निक्सन यांचा दूरचित्रवाणीवर वाद झाला, तेव्हा याच खुर्च्या वापरल्या होत्या. पुढे ती पीपी मोबलर ही दुसरी कार्यशाळा बनवू लागली. आराखडा एक, घडवणारे दोन. म्हणजे आराखडा ओळखला की घडवणारा कळला, असं होत नाही.

आता नैयायिकांची चार प्रमाणं घेऊ.

पहिलं प्रत्यक्ष. खुर्ची सरळ उलटी करा. खरी माहिती बैठकीच्या खाली, चौकटीच्या आतल्या बाजूला असते. तापल्या लोखंडाने डागलेला शिक्का, धातूची छोटी चकती, कागदी लेबल किंवा लेबल निघून गेल्याची खूण. धूळ पुसायची ती हलक्या हाताने. पॉलिश कागद तर लावूच नका. शिक्का गेला की साक्षीदारच गेला.

दुसरं शब्द, म्हणजे शिक्क्यावरचा मजकूर. शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे त्याला माहीत असेल आणि तो खरं सांगत असेल तेव्हा. व्हॉडर यांच्या शिक्क्यात घडवणाऱ्याचं आणि आराखडा काढणाऱ्याचं, अशी दोन्ही नावं सापडतात. उत्तम साक्ष! पण शिक्का अर्धा पुसलेला असेल आणि नुसतं "हान्सेन" वाचता येत असेल तर? डेन्मार्कमधला हान्सेन म्हणजे आपल्याकडचा जोशी. योहानेस हान्सेन वेगळे, कार्ल हान्सेन वेगळे, फ्रिट्झ हान्सेन वेगळे. "मेड इन डेन्मार्क" हा शिक्का देश सांगतो, नाव सांगत नाही. आणि परदेशातल्या विक्रेत्याचं लेबल असेल तर ते खुर्ची कुठे विकली गेली तेवढंच सांगतं.

तिसरं अनुमान. इथे जपून, कारण हेत्वाभास इथेच घुसतो. "सागवानी आहे, म्हणून डॅनिश आहे." हा हेतू सव्यभिचारी. त्या काळात नॉर्वे, स्वीडन, इंग्लंड, सगळीकडे सागाचं फर्निचर होत होतं. धूर आहे तिथे अग्नी असतोच, पण साग आहे तिथे डेन्मार्क असतोच असं नाही. कागदी दोरीची विणलेली बैठकही वयाचा पुरावा नव्हे. दोरी झिजते, लोक नवी विणून घेतात. वेग्नर यांच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या पाठीच्या खुर्चीला अशी सुमारे 120 मीटर दोरी लागते. ती काल विणलेली असेल आणि चौकट सत्तर वर्षांची असेल.

मग चांगला हेतू कोणता? सांधा. त्या गोल खुर्चीच्या सुरुवातीच्या नगांत पाठीवर वेत गुंडाळलेला असे, कारण खालचा सांधा उघडा ठेवावा असं वेग्नर यांना वाटत नव्हतं. पुढे बोटांत बोटं अडकवल्यासारखा नागमोडी सांधा आला आणि तो उघडाच ठेवला गेला. सांधा सहसा कुणी बदलत नाही, म्हणून त्याची साक्ष अधिक भक्कम.

चौथं उपमान. "गवय गाईसारखा असतो" हे ऐकलेला माणूस रानात गवय ओळखतो. आपल्याला गाय कुठे मिळणार? संग्रहालयात आणि जुन्या सूचींत. कोपनहेगनच्या प्रदर्शनांवर ग्रेटे याल्क यांनी चार खंड संपादित केलेत. त्यातल्या छायाचित्रांशी पायाची जाडी, हाताचा बाक, पाठीचा कल ताडून बघायचा. साम्याइतकाच फरकही शोधायचा.

फरक किती बोलतो बघा. 1963 साली लंडनमध्ये लुईस मोर्ली यांनी क्रिस्टीन कीलर यांचं खुर्चीवर उलट्या बसलेल्या अवस्थेतलं छायाचित्र काढलं. ते बघून जगाने आर्ने याकोबसेन यांची प्लायवूडची खुर्ची ओळखली. पण ती होती नक्कल! मूळ खुर्चीच्या पाठीत भोक नाही, हिच्या पाठीत आहे. ही नक्कल आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता मुलीच्या खुर्च्या. उलट्या केल्या. एकीच्या खाली डॅनिश फर्निचर उत्पादकांच्या गुणवत्ता-तपासणीचं गोल लेबल मिळालं, नाव कुठेच नाही. पाठीचा बाक वेग्नरच्या कुठल्याही छायाचित्राशी जुळेना. निष्कर्ष काय? डॅनिश, दर्जा तपासलेला, घडवणारा अज्ञात. आणि उरलेल्या तिघींबद्दल? त्या पहिलीसारख्याच आहेत, एवढंच.

मुलगी हिरमुसली. म्हणाली, "बाबा, तोही वेग्नरच समजून घेईल, मला तेवढेच पैसे परत मिळतील. कुणाचं काय बिघडतं?" मी म्हटलं, सहकाऱ्याचे पैसे जातात, हे तर आहेच. शिवाय अनामिक कारागिराच्या कामावर मोठं नाव चिकटवलं की त्याचं नाव सापडायची उरलीसुरली वाट बंद होते. "अज्ञात" लिहिलं की कुणीतरी पुढे शोधत राहील. "वेग्नर" लिहिलं की शोध संपला.

तिने दोन खुर्च्या विकल्या, बऱ्याच कमी किमतीत. चिठ्ठीवर लिहिलं : डॅनिश, सागवान, घडवणारा अज्ञात. उरलेल्या दोन तिच्या स्वयंपाकघरात आहेत. त्यातल्या एकीवर बसून मी आजची टिपणं काढली. खुर्ची उत्तम आहे हो, पाठ अजिबात दुखत नाही!

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.