आधी रोजकीर्द, मग खतावणी

निलंग्यात लाईट जाते तेव्हा संगणकाला सावरायला वेळ मिळत नाही. जुन्या एक्स्ट-टू फाइल प्रणालीत मग पुढच्या वेळी अख्खी डिस्क तपासावी लागे. २००१ साली लिनक्सच्या २.४.१५ आवृत्तीत एक्स्ट-थ्री आली, सोबत जर्नल आलं. आडतीवर तुरीचा सौदा झाला की मुनीम आधी रोजकीर्दीत टिपतो, मग खतावणीत चढवतो, हे तसंच. बदल आधी जर्नलमध्ये उतरतो, त्यावर 'कमिट'चा शिक्का बसतो, मग तो मूळ जागी जातो. लाईट आल्यावर शिक्क्याच्या नोंदी पुन्हा चढवल्या जातात, बिनशिक्क्याच्या सोडून दिल्या जातात.

हे जर्नल उभं कसं राहतं, ते बघायला मी एक्स्ट-थ्रीच्या पुढच्या एक्स्ट-फोरचा जुना कोड उघडला. डिस्क जोडणारं 'फिल सुपर' हे फंक्शन हजाराहून अधिक ओळींचं होतं. जर्नल याच डिस्कवर, म्हणजे बहुधा ८ क्रमांकाच्या आयनोडात आहे की दुसऱ्या डिस्कवर? मागच्या वेळच्या नोंदी चढवायच्या राहिल्यात का? नोंदीची पद्धत कुठली? बरंचसं एकाच पोटात. कुठे चुकलं की 'गोटू' थेट तळाशी. वहीत बाण काढून काढून पान काळं झालं.

२०२२ साली जर्नल उभं करण्याचा हा भाग तिथून उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवला गेला. नवी सोय एकही नाही. पण जर्नल उघडल्यावर पुढे काही बिघडलं तर ते तिथल्या तिथे मिटवलं जातं आणि वर फक्त चूक कळवली जाते. घेतलं तिथेच परत केलं, हा मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

मी आणखी सोपं करायला गेलो. पद्धत ठरवण्याच्या ओळी जर्नल उघडण्याच्या आधी नेल्या, दिसायला नीटनेटक्या. आभासी यंत्रावर कर्नल लगेच कोसळलं. पद्धत दिलेली नसेल तर 'ऑर्डर्ड' घ्यायची, पण जर्नलला जुनी नोंद रद्द करता येते का हे त्यालाच विचारून. आणि माझ्या मांडणीत तेव्हा जर्नलच नव्हतं. ओळी परत जागेवर ठेवल्या. फाइली उतरत असताना यंत्र मधेच बंद पाडलं, पुन्हा सुरू केलं. पडद्यावर आलं: 'रिकव्हरी कम्प्लीट'.

निलंगा-लातूरकडच्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनो, हा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. वही घेऊन बसा, पहिला बाण डिस्क जोडण्यापासून काढा.