खडखड कोठून येते?

मुलांनो, समजा, तुमच्या अब्बांच्या मोटारसायकलमधून कालपासून खडखड असा आवाज येऊ लागला आहे. गाडी चालते, ब्रेक लागतो. पण आवाज काही थांबत नाही. कोणी म्हणते, "इंजिन गेले." कोणी म्हणते, "चेन बदला." अशा वेळी काय करावे?

चांगला मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. तो आधी कान देतो. डॉक्टरही असेच करतात. १८१६ मध्ये फ्रान्समधील डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी करून तिच्यातून रुग्णाच्या छातीतले आवाज ऐकले. त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप तयार झाला. आवाज हा रोगाचा पत्ता सांगतो, मग तो माणसाचा असो की यंत्राचा!

आता हा आवाज का होतो, ते पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ५० फेरे होतात. त्यामुळे सगळी गाडी थरथरते. सगळे भाग घट्ट बसलेले असतील, तर ते एकत्र थरथरतात. एखादा बोल्ट सैल झाला, की तो भाग वेगळा हलतो आणि शेजारच्या भागावर आपटतो. हीच खडखड!

कधी कधी आवाज एका ठरावीक वेगालाच येतो आणि वेग वाढवला की नाहीसा होतो. यात जादू नाही. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला, तर तो उंच जातो. तसेच प्रत्येक भागाची एक लय असते. इंजिनाची थरथर त्या लयीशी जुळली, की तो भाग जोराने हलू लागतो. याला 'अनुनाद' म्हणतात.

शोध घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला प्रश्न : गाडी उभी असताना, नुसते इंजिन चालू केल्यावर आवाज येतो का? येत असेल, तर चाकांवरचा संशय कमी होतो. दुसरा प्रश्न : आवाज फक्त खड्ड्यात येतो का? तसे असेल, तर मडगार्ड, नंबरप्लेट किंवा हत्यारांची पेटी तपासा. पेटीत मोकळा पडलेला पानाही खूप गोंधळ घालतो! तिसरा प्रश्न : ब्रेक दाबल्यावर आवाज बदलतो का? बदलत असेल, तर गाडी ताबडतोब मिस्त्रीकडे न्यावी.

मग इंजिन बंद करून गाडी थंड होऊ द्या. एकेक भाग हाताने हलवून पाहा : हेडलाइट, आरसे, लेगगार्ड, चेनकव्हर, सायलेन्सरवरचा पत्रा. मागच्या चाकाजवळची जाळी, म्हणजे साडीगार्ड, विसरू नका. पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती बसवलेली असते, आणि पुष्कळदा तिचाच बोल्ट सैल असतो. चेनही पाहा. बहुतेक साध्या गाड्यांमध्ये ती मधोमध सुमारे २ ते ३ सेंटिमीटर वरखाली हलावी. जास्त हलली, तर ती कव्हरवर आपटते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बोल्ट एकदम आवळले आणि आवाज थांबला, तर दोष कोणता होता, हे कधीच कळणार नाही. बोल्ट आवळतानाही बेताने आवळा. फार जोर लावला, तर आटे जातात आणि लहान काम मोठे होऊन बसते.

बाहेर सगळे घट्ट असूनही आवाज येत असेल, तर प्रथम तेल तपासावे. तेल कमी झाले, की इंजिनाचे आतले भाग वाजू लागतात. यापुढचे काम मिस्त्रीचे. तो लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर ठेवतो आणि मूठ कानाशी धरतो. धातूमधून आवाज स्पष्ट येतो, म्हणून दोषाची जागा सापडते.

मात्र काळजी घ्या. इंजिन चालू असताना चेन, चाक आणि तापलेला सायलेन्सर यांच्याजवळ हात नेऊ नका. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग किंवा वास नसतो, पण तो जीव घेतो. तपासणी मोठ्यांच्या सोबतीनेच करा.

"चालते आहे ना, चालू द्या," असे पुष्कळजण म्हणतात. पण आज खडखडणारी सैल चेन उद्या निसटून मागचे चाक अडवू शकते. भर रस्त्यात असे झाले, तर चालवणारा खाली पडतो. वेळेवर आवळलेला एक बोल्ट घरच्या माणसाचा जीव वाचवू शकतो. म्हणून गाडी बोलू लागली, की तिचे म्हणणे ऐका.

स्वाध्याय
१. आवाज ठरावीक वेगालाच का येतो?
२. एका वेळी एकच गोष्ट का बदलावी?
३. 'कान देणे', 'आटे जाणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरातील वाजणाऱ्या एखाद्या वस्तूचा दोष कसा शोधाल, ते पाच वाक्यांत लिहा.