प्रूदाँ, घड्याळवाले आणि एक अध्यक्ष

राज्यसंस्था नको, मग कारभार कसा चालवायचा? बेझाँसोंच्या गरीब घरातला, छापखान्यात खिळे जुळवणारा पिएर-जोझेफ प्रूदाँ (१८०९–१८६५) या प्रश्नाला नीट भिडला तो उशिराच. १८४० मध्ये मालमत्तेला चोरी ठरवून तो गाजला. संघराज्यावरचं पुस्तक आलं १८६३ मध्ये. त्याची सारी मदार करारावर आहे. गावं आणि प्रांत आपसांत करार करतील, पण देतील त्याहून जास्त अधिकार स्वतःकडे ठेवतील. केंद्राकडे नेमून दिलेली कामं तेवढीच. म्हणूनच इटलीच्या एकीकरणालाही त्याचा विरोध होता.

हा विचार रुजला तो स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातल्या घड्याळ-कारागिरांत. सप्टेंबर १८७२ मध्ये ‘इंटरनॅशनल’ या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हेगमधल्या अधिवेशनाने रशियन अराजकवादी बाकुनिनला संघटनेतून काढलं. त्याच महिन्यात त्याच्या बाजूच्यांनी जुरातल्याच सँतिमिए गावी वेगळी परिषद भरवली.

सगळ्यांत चमत्कारिक वळण स्पेनमध्ये. प्रूदाँचं ते पुस्तक स्पॅनिशमध्ये आणणारा फ्रान्सिस्को पी इ मार्गाल जून १८७३ मध्ये चक्क प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. पण संघराज्याची घटना मंजूर होईपर्यंत थांबायला कोण तयार? जुलैत कार्ताहेना शहराने स्वायत्तता पुकारली, मग इतरांनी. बंडावर सैन्य सोडणं अध्यक्षाच्या जिवावर आलं, आणि समजावून कोणी ऐकेना. १८ जुलैला, पुरते सहा आठवडेही झाले नव्हते, त्याने राजीनामा दिला.