सामाईक फोल्डर का रेंगाळतो?

चार-पाच संगणकांच्या छोट्या कार्यालयात हिशेबाच्या वह्यांची जागा आता एका सामाईक फोल्डरने घेतली आहे. महिनाअखेरीस तो उघडायलाच मिनिटभर लागू लागला की पगारपत्रके अडतात, गिऱ्हाईक खोळंबते आणि कोणीतरी सल्ला देते, "नवा सर्व्हर घ्या." तो खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे ते पाहावे.

या व्यवस्थेची दोन अंगे आहेत आणि दोन्हींचा जन्म अमेरिकेतला. 1973 साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक तारेने जोडण्याची इथरनेट ही पद्धत मांडली. पुढे 1980 च्या दशकात आयबीएमचे बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी रचली. दुसऱ्या संगणकाकडे फाइल मागण्याची ही भाषा सुधारलेल्या रूपात विंडोज आजही बोलते. म्हणजे दोष तारेत आहे की बोलण्यात, हा खरा प्रश्न.

पहिली पारख अशी: फोल्डर सर्वांकडे रेंगाळतो की एकाच संगणकावर? एकावरच असेल तर त्याची केबल बदलून पाहा. केबलमध्ये तारांच्या 4 जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, 100 मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली तरी काम चालू राहू शकते, मात्र दहापट मंद. म्हणूनच हा दोष लपून राहतो.

दुसरी पारख: एक मोठी फाइल पाठवा, मग तेवढ्याच वजनाच्या हजारो लहान फाइली पाठवा. दोन्ही रखडल्या तर तार, स्विच किंवा सर्व्हरची डिस्क तपासावी. फक्त लहान रखडल्या तर तार बहुधा ठीक आहे. प्रत्येक फाइलसाठी दोन्ही यंत्रांत अनेक निरोपांची ये-जा होते, वर व्हायरसची तपासणीही होते. वेळ त्यातच जातो.

तिसरी गोष्ट, बंद केलेल्या जुन्या सर्व्हरचे दुवे संगणकावरून काढून टाका. नाहीतर नसलेल्या यंत्राच्या उत्तराची तो वाट पाहत बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. जुनी एसएमबी-1 सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये. मे 2017 मध्ये वॉनाक्राय तिच्यातीलच त्रुटीतून पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे संगणकही त्याने बंद पाडले.

एका वेळी एकच बदल करावा, वेळ मोजावी आणि लिहून ठेवावी. नव्या सर्व्हरची गरज खरोखर आहे की नाही, ते त्या टिपणावरूनच ठरेल.